आयसिंगचा चाकू हातात घेण्याआधी

सगळ्यात आधी केकचा स्पंज बघा. तो पूर्ण गार हवा, नुसता वरून नाही, अगदी मधोमधसुद्धा. कोमट स्पंजला क्रीम लावलं की ते वितळायला लागतं आणि थर एकमेकांवरून सरकतात. मग कितीही हात चालवा, सावरत नाही. शक्य असेल तर स्पंज आदल्या दिवशीच करून, गार झाल्यावर घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. थंड स्पंजचा चुरा कमी पडतो आणि कापही सरळ येतो. वरचा फुगवटा दातेरी सुरीने काढून टाका. इथे हात आखडता घेऊ नका, कारण खालच्या थराचा तिरकेपणा तिसऱ्या थरापर्यंत वाढत जातो.

शुगर सिरप साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन उकळून, गार करून तयार असू द्या. ब्रशने हलकेच लावायचं, स्पंज भिजवायचा नाही.

आयसिंग बटरक्रीमचं (लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेलं) असेल तर ते मऊ, पसरणारं हवं. चाकूवर उचललं की टोक उभं राहून किंचित वाकलं पाहिजे. फेटून झाल्यावर दोनेक मिनिटं सगळ्यात कमी वेगावर फिरवलं की आतले बुडबुडे निघतात आणि शेवटचा हात गुळगुळीत येतो. व्हिपिंग क्रीमचं मात्र उलट: क्रीम, भांडं, बीटर सगळं थंडगार हवं, आणि जास्त फेटलं तर त्याचं लोणी होतं. कोणतंही असो, आयसिंग अंदाजापेक्षा थोडं जास्तच करा. अर्ध्यात संपलं तर दुसऱ्या घाण्याचा रंग आणि घट्टपणा पहिल्याशी जुळवणं फार कठीण.

आता स्टँड. ताटली केकपेक्षा सगळ्या बाजूंनी निदान इंचभर मोठी हवी. कडा वर वळलेली असेल तर चाकू आडवा फिरत नाही. अशा वेळी केक पुठ्ठ्याच्या बोर्डवर, टर्नटेबलवर (फिरत्या चकतीवर) सजवून मग स्टँडवर चढवावा. थेट स्टँडवरच करणार असाल तर मधोमध क्रीमचा एक ठिपका लावून पहिला थर त्यावर टेकवा आणि कडेखाली बटर पेपरच्या पट्ट्या सरकवा. काम संपल्यावर पट्ट्या ओढल्या की ताटली स्वच्छ. स्टँडसकट केक फ्रिजच्या कप्प्यात मावतो का, तेही आधीच मोजा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

थरांमध्ये जॅम किंवा पातळ सारण घालायचं असेल तर आधी कडेने घट्ट क्रीमचा बांध घाला, सारण त्याच्या आतच राहील अशा बेताने भरा, काठोकाठ नको. सगळ्यात वरचा थर उलटा, तळाची बाजू वर करून ठेवायचा. ती बाजू सपाट असते, कडाही धारदार असते. मग थोडं खाली वाकून, डोळ्यांच्या पातळीवर आणून केक बघा. कुठे कललेला दिसला तर आत्ताच तळव्याने अलगद सरकवा.

‘क्रम कोट’ला (इंग्रजीत ‘क्रम’ म्हणजे चुरा) फाटा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. चुरा धरून ठेवणारा हा पातळ हात आधी द्यायचा. त्यातून स्पंज दिसला तरी चालेल. त्यासाठी क्रीम वेगळ्या वाटीत काढा, म्हणजे चाकूला लागलेला चुरा मोठ्या भांड्यात जात नाही. नंतर वीस-तीस मिनिटं फ्रिज. बोट टेकवल्यावर क्रीम बोटाला चिकटलं नाही की शेवटचा हात द्यायला हरकत नाही.

त्यासाठी पॅलेट नाइफ (आयसिंगचा बोथट, लवचीक चाकू), स्क्रेपर (क्रीम सपाट करायची पट्टी), गरम पाण्याचा उंच पेला आणि पुसायला कोरडं फडकं हाताशी ठेवा. स्क्रेपर ताटलीवर उभा टेकवून स्थिर धरायचा आणि फिरवायचा तो केक. प्रत्येक फेरीनंतर स्क्रेपर पुसायचाच. वरची कड बाहेरून आत ओढत सपाट करा. बटरक्रीमचा केक कापण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, नाहीतर क्रीम लोण्यासारखं कडक लागतं. व्हिपिंग क्रीमचा मात्र आयत्या वेळीच काढा.