उमेदवाराची भक्ती मतात किती मोजायची? आमच्या ओट्यावरची रीत

एका निवडणुकीत माझी केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूटी होती. भर दुपारी सत्तरीच्या पुढच्या एक आजी आत आल्या. यादीत नाव सापडलं, बोटाला शाई लागली, आणि मशिनच्या आडोशापाशी जाऊन त्यांनी तिथूनच मोठ्यानं विचारलं, "बाई, देवाचं बटण कुठलं ओ?"

पोलिंग एजंट एकमेकांकडे बघायला लागले. मतदाराला कुठलं बटण दाबायचं हे सांगायचा अधिकार मला नव्हता. मी पुठ्ठ्याचं नमुना मशिन उचललं, सगळ्या एजंटांना दिसेल असं धरलं आणि म्हणाले, "आजी, यात देवाचं बटण नसतं. माणसांची नावं असतात, समोर चिन्ह असतं. तुम्हाला जो माणूस हवा त्याच्यासमोरचं बटण दाबायचं." त्या क्षणभर थांबल्या. "पण ते म्हणाले, देवाचं हाय म्हणून," असं पुटपुटत आत गेल्या. बीप वाजला. त्यांनी काय दाबलं ते मला माहीत नाही, माहीत असूही नये. पण कुणीतरी त्या बाईच्या आयुष्यभराच्या श्रद्धेला मशिनवरचा एक नंबर चिकटवून दिला होता, आणि ते मला फार लागलं.

निवडणूक आयोग धर्माचं चिन्ह कुणाला देत नाही. तरीही 'देवाचं बटण' हा शब्द त्या खोलीपर्यंत येऊन पोचला होता.

सोलापूरच्या पूर्व भागात मी एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. आता निवृत्त आहे. निवडणूक लागली की संध्याकाळी माझ्या ओट्यावर गल्लीतल्या बायका जमतात. कुणी बीड्या वळणारी, कुणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी, एक-दोघी कॉलेजच्या पोरी. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी असं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. मी स्वतः सोमवार करते, सिद्धेश्वराला जाते. तेव्हा देवाधर्माला बाजूला सारा असं मी कुणाला सांगत नाही. उमेदवाराची श्रद्धा आपल्या मतावर कुठून कशी काम करते ते ओळखायचं, आणि तिला किती वजन द्यायचं ते आपण ठरवायचं, एवढंच आम्ही करतो. ज्यांना आपल्या गल्लीत हे करून बघायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

नावं यायच्या आधी आपला कागद

उमेदवार जाहीर व्हायच्या आधीच एका कागदावर आपल्या घराच्या आणि गल्लीच्या तीन अडचणी लिहायच्या. आधी अशासाठी की एकदा नाव कळलं, की आपल्या अडचणीसुद्धा त्या नावाला साजेशा होतात. हे मी स्वतःत पाहिलंय.

आमच्या कागदावर पहिलं दरवेळी पाणीच असतं. काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात दुसरं काय असणार! मग बीडीची मजुरी, मग गटार. प्रत्येक अडचणीपुढं ती कुणाच्या हातात आहे तेही लिहायचं: नगरसेवकाच्या, आमदाराच्या की खासदाराच्या. गटारासाठी खासदाराला धरायचं आणि बीडी कामगारांच्या कायद्यासाठी नगरसेवकाला, असा घोळ झाला की उमेदवारालाही बरं पडतं. तो दोन्हीला हो म्हणतो आणि आरतीला थांबतो.

नावावर पत्र्याचं माप

महाराष्ट्रात आडनाव वाचलं की बहुतेकदा जात कळते, नाव वाचलं की धर्म कळतो. म्हणून आम्ही उमेदवाराची माहिती नावाशिवाय वाचतो.

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याला फॉर्म २६ म्हणतात. त्यात चालू असलेले फौजदारी खटले, झालेली शिक्षा, स्वतःची, नवरा-बायकोची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, थकबाकी, आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि शिक्षण असतं. धर्माचा रकाना त्यात नाही. हे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या ॲपवर मिळतं. माझी भाची प्रिंट काढून आणते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारची अक्का मांडीवर सूप घेऊन बीड्या वळत बसली होती. फोटो आणि नाव कशानं झाकावं म्हणून मी जुनं कॅलेंडर फाडायला घेतलं. तिनं सुपातलं पान कापायचं पत्र्याचं माप पुढं केलं. "हे ठेवा की मॅडम." ते त्या फोटोवर बरोबर बसलं. तंबाखूचा वास असलेलं ते माप मी एकेका कागदावर ठेवत गेले आणि वाचत गेले: पहिला, दुसरा, तिसरा. नवऱ्याचं, बापाचं, पक्षाचं नाव आलं की गाळायचं.

दुसऱ्यावर फसवणुकीचा खटला निघाला. "हा नको," म्हणून अक्कानं कात्रीसकट हात हलवला. माप उचललं, तर तो तिच्याच पसंतीचा उमेदवार निघाला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठीच्या, मिरवणुकीत चालताना तिनं त्याला पाहिलं होतं, त्याच्या तोंडून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' ऐकलं होतं. तिची सुपातली बोटं थांबली. "मॅडम, काठीसंगं चालणारा माणूस लोकाला फसवंल का ओ?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. खटला चालू होता, निकाल लागलेला नव्हता, हे आधी सांगितलं. ते सांगायलाच हवं, चालू खटला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. मग आम्ही तिच्या प्रश्नातच शिरलो, कारण खरी गोष्ट तिथंच होती. देवाला भिणारा माणूस खाणार नाही, फसवणार नाही, हा आपला हिशोब असतो. पाच वर्षं कुणावर नजर ठेवायला आपल्याला वेळ नसतो, म्हणून ते काम आपण देवावर सोपवतो आणि माणसाची भक्ती त्याची हमी म्हणून धरतो. अक्का वेडी नाही. उधारीवर किराणा देताना दुकानदारही असंच काहीतरी बघतो. फक्त दुकानदार वहीतही लिहून ठेवतो. आपण वही ठेवत नाही.

ज्याचं नाव घेतो त्याचंच काम विचारायचं

हे मला अक्कासाठीच सुचलं, आणि आजवर सगळ्यात उपयोगी पडलेली रीत हीच आहे. सिद्धरामेश्वर, म्हणजे आमचे सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले. त्यांनी या गावात तळं खोदलं. आजही देऊळ त्या तळ्यात उभं आहे. म्हणजे आमच्या ग्रामदैवताची पहिली ओळखच पाण्याचं सार्वजनिक काम ही आहे. मग त्यांच्या नावानं हात जोडणाऱ्या उमेदवाराला पाण्याचंच विचारायचं: तुम्ही या आधी निवडून आलात तेव्हा कुठल्या भागात पाणी येण्याचे दिवस वाढले, कुठल्या भागात तेवढेच राहिले? पंढरपूरही सोलापूर लोकसभा मतदारसंघातच येतं. तिथं विठ्ठलाचं नाव घेणाऱ्याला चंद्रभागेच्या वाळवंटातल्या घाणीचं विचारा. दर्ग्यावर चादर चढवून आलेल्याला दर्ग्यामागच्या वस्तीतल्या शाळेचं विचारा. बुद्धवंदनेला बसलेल्याला वसतिगृहाचं विचारा.

श्रद्धा खरी असेल तर या प्रश्नानं माणूस चिडत नाही. जो चिडतो त्याच्यापुढं मी कागदावर फुली मारते.

सभामंडपाचंही इथंच सांगते. एका लोकसभेला कार्यकर्ते गल्लीत येऊन म्हणाले, साहेब निवडून आले की खासदार निधीतून मंदिराला सभामंडप. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात हे खरं, पण प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर त्या निधीतून काम करता येत नाही, असं नियमातच आहे. बायकांना हे सांगितल्यावर पुढच्या फेरीला सभामंडपाचा विषय निघाला नाही.

'आपलं माणूस' हवं वाटतं, त्याचं काय?

आमच्या गल्लीतल्या आपा एकदा म्हणाल्या, "टीचर, आमच्यातलं कुणीच आत नसेल तर आमचं ऐकणार कोण?" याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. ज्या समाजाला दार बंद मिळतं त्याला आत आपला माणूस हवा वाटणारच. कायद्याचंही बघा. सोलापूर लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि १९५०च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा म्हणून उभं राहता येतं. शिखांचा समावेश १९५६ला झाला, बौद्धांचा १९९०ला. म्हणजे या जागेवर आपांच्या धर्माचा उमेदवार असूच शकत नाही. त्यांनी मग काय बघायचं? त्यांनी बघितलं ते असं: कोण आमच्या गल्लीत मतदानाआधी येतो आणि कोण नंतरही येतो.

धर्मावरून सोलापूरची मतं ठरलेलीच असतात असं मानणाऱ्यांनी तीन निवडणुका शेजारी ठेवून बघाव्यात. २०१४ला इथून शरद बनसोडे निवडून आले. २०१९ला गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी उभे राहिले आणि माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्यापेक्षा दीड लाखाहून जास्त मतं घेऊन जिंकले; प्रकाश आंबेडकरही त्या लढतीत होते. मठाधिपती उभे आहेत म्हटल्यावर त्या वेळी ओट्यावर प्रश्न विचारतानाही बायकांचा आवाज खाली येत होता. २०२४ला त्याच मतदारसंघात प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. यातली किती मतं कशामुळं पडली हे मी सांगू शकत नाही. पण इथला मतदार पाच वर्षांत वेगळा विचार करतो, एवढं या आकड्यांवरून दिसतं.

बेलभंडारा पुढं आला तर

हे सगळ्यात अवघड. मतदानाच्या आदल्या रात्री कुणीतरी ताटात बेलभंडारा, नाहीतर कुंकवाचा करंडा घेऊन येतं आणि हात ठेवायला लावतं: "आम्हालाच मत देणार म्हणा." सोबत पाकीट असतं. बाईनं पाकीट परत केलं तरी शपथ मागे राहते, आणि ती रात्रभर झोपू देत नाही.

देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. पैसे वाटणं तर आहेच. पण ताट समोर असताना कायद्याचं कलम कुणाला आठवत नाही. म्हणून आम्ही एक वाक्य पाठ करून ठेवलंय: "मत माझं आहे, देवाला यात आणू नका." हात पदराखाली घ्यायचे आणि एवढंच म्हणायचं. वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत.

आणि हात ठेवून झाला असेल तर? एक सूनबाई रडत माझ्याकडे आली होती. सासूसमोर तिला हात ठेवावा लागला होता. मी तिला म्हटलं, तू मनानं काही कबूल केलं नाहीस, तुझ्याकडून करवून घेतलं. सकाळी देवासमोर दिवा लाव, खरं काय ते त्याला सांग, आणि मग मतदानाला जा. तिथं तुझ्यासोबत कुणी येत नाही. तुझं मत कुणाला गेलं हे ना नवऱ्याला कळतं, ना सासूला, ना त्या ताटवाल्याला. मतदान केंद्रावर इतकी वर्षं बसलेली बाई हे सांगतेय म्हटल्यावर तिचा विश्वास बसला.

भीतीचा मेसेज

'ते' निवडून आले तर आपले सण बंद होतील, असा मेसेज दरवेळी दोन्हीकडं फिरतो, फक्त 'ते' बदलतात. तो पुढं पाठवायचा नाही, पण पुसायचाही नाही. कुणी, कधी, कुठल्या ग्रुपवर टाकला ते जपून ठेवायचं. उमेदवाराच्या, मतदाराच्या किंवा प्रचारकाच्या, कुणाच्याही धर्माच्या नावावर मत मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ला चार विरुद्ध तीन असा दिला आहे. १९८७ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक तर धर्माच्या नावावरच्या भाषणांमुळं रद्द झाली होती. देऊळ, मशीद, चर्च इथं प्रचार करायला आचारसंहितेतच मनाई आहे. असं काही दिसलं तर निवडणूक आयोगाच्या ॲपवर 'सी-व्हिजिल'मधून तिथूनच फोटो किंवा व्हिडिओ काढून तक्रार करता येते, स्वतःचं नाव न देताही. ॲप जमत नसेल तर १९५० हा मतदारांसाठीचा फोन नंबर आहे.

भीतीचे मेसेज वाढले की मी पोरींना चार हुतात्मा चौकात घेऊन जाते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. मी फक्त नावं मोठ्यानं वाचायला लावते. पत्र्याचं माप तिथं काढत नाही.

आदल्या संध्याकाळी

शेवटच्या दिवशी पहिला कागद परत काढायचा. तीन अडचणी, त्यांच्यापुढं प्रत्येक उमेदवारानं काय उत्तर दिलं ते. ज्याच्यापुढं काहीच नाही, फक्त 'देवमाणूस आहे' एवढंच आहे, तिथं स्वतःला विचारायचं: हाच माणूस दुसऱ्या धर्माचा असता आणि एवढंच बोलला असता, तर मी त्याला मत दिलं असतं का? मोठ्यानं उत्तर द्यायची गरज नाही. आम्ही एकमेकींना विचारतही नाही.

अक्कानं त्या निवडणुकीत कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. निकालानंतर ती माप परत न्यायला आली. पान कापताना तिला रोज लागतं ते. परवा महापालिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला, तेव्हा तिनं सुपातून दुसरं, जुनं गंजलेलं माप काढलं आणि माझ्या खिडकीत ठेवलं. "हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," म्हणाली. "त्या आधी पाण्याचं लिवून घ्या."