काचबिंदू की मेंदूतील विकार: दृष्टिक्षेत्राचा अहवाल कसा पाहावा

एका बाजूचे दिसत नाही, ही तक्रार काचबिंदूतही असते आणि मेंदूतील गाठीत किंवा पक्षाघातातही. म्हणून प्रथम एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहावे. दोष एकाच डोळ्यात सापडला, तर कारण बहुधा त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत असते. मात्र कोणताही डोळा झाकला तरी डावीच बाजू हरवत असेल, तर उजव्या मेंदूकडे लक्ष वळवावे. असे रुग्ण पुष्कळदा ‘डाव्या डोळ्याने दिसत नाही’ असेच सांगतात, त्यामुळे ही साधी तपासणी कधीही टाळू नये.

त्यानंतर पेरिमेट्रीचे, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचे, दोन्ही कागद, डाव्या डोळ्याचा डावीकडे ठेवून, एकत्र पाहावेत. डोळ्याच्या पडद्यावरील चेतातंतू आडव्या मध्यरेषेच्या वर आणि खाली कमानीसारखे पसरलेले असतात. काचबिंदूत तेच झिजत असल्याने काळा डाग बहुधा नाकाच्या बाजूने सुरू होतो आणि आडव्या रेषेवर थांबतो. दोन्ही नसा एकमेकींना छेदतात तेथे किंवा त्यामागे इजा असल्यास डाग उभ्या रेषेवर थांबतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीची गाठ या छेदस्थानावर दाब देते, तेव्हा दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू जाते. अहवालात उभी रेषा पाळली जात असेल, तर काचबिंदूचे निदान आधीच झालेले असले तरी एमआरआयचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा.

केवळ डोळ्याच्या दाबावर विसंबू नये. तो साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो, परंतु दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो, आणि नेमक्या याच गटात मेंदूतील गाठ नजरेतून निसटण्याचा धोका असतो. नसेच्या मुखाशी खळगा वाढला असला तरी उरलेली कड गुलाबी असणे काचबिंदूला धरून आहे. कड फिकट असेल, वय पन्नाशीच्या आत असेल, लाल रंग एका डोळ्याला मळकट दिसत असेल किंवा मधली नजर लवकर घटली असेल, तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे. उलट, मेंदूच्या मागच्या भागातील पक्षाघातात नस अगदी निरोगी दिसू शकते.

दृष्टीची बाजू अचानक गेली, तर तो पक्षाघात असू शकतो; चष्म्याच्या दुकानात किंवा नेत्रतपासणीच्या रांगेत वेळ घालवू नये. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून १०८ वर फोन करावा आणि रुग्णाला शेवटचे नीट केव्हा दिसत होते, ती वेळ लिहून सोबत न्यावी.