खेळ ठरवण्याआधीची तयारी

कामाच्या ठिकाणी लोकांना काही शिकवण्यासाठी खेळ घ्यायचा असेल, तर आधी एक वाक्य कागदावर उतरवा: खेळानंतर लोकांनी कोणत्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं? 'टीमवर्क वाढावं' हे चालणार नाही. 'माल अडकला की पुढच्याला दोष देण्याआधी आपली ऑर्डर तपासावी' हे चालेल. खेळ निवडायचा तो त्यानंतर. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं घडतं.

या वाक्याला 'बिअर गेम' चपखल बसतो. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेला हा खेळ. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या सरकवायच्या. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 पेट्या असते, पाचव्या आठवड्यात 8 होते आणि शेवटपर्यंत तितकीच राहते. हा आकडा पत्त्यांवर लिहिलेला असतो आणि तो फक्त किरकोळ विक्रेत्यालाच कळतो, म्हणून मागणीचे पत्ते पालथे आहेत ना, हे दोनदा बघा. ते एकदा दिसले की खेळ संपला. 50 आठवडे खेळायचंय असं सांगा आणि 36 व्या आठवड्याला थांबवा, नाहीतर शेवट जवळ आला की लोक साठा संपवायच्या मागे लागतात. कोरे कागदही हवेतच. गुपित फोडण्याआधी किरकोळ विक्रेता सोडून बाकीच्यांना मागणीचा आलेख काढायला सांगा. बहुतेक जण डोंगरदऱ्या काढतात. त्यावर खऱ्या मागणीची ती जवळपास सपाट रेघ ठेवली की खोलीत जी शांतता पसरते, तिच्यासाठीच तर हा खटाटोप.

त्या शांततेनंतर बोलायला वेळ हवा, निदान खेळाइतका. खेळ रंगला म्हणून चर्चा दहा मिनिटांत उरकणार असाल, तर सरळ पत्ते खेळा. मत बदलतं ते चर्चेत. प्रश्न आधीच लिहून ठेवा: कुणाचा राग आला? त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? रोजच्या कामात असं कुठे होतं?

साहेब आणि त्यांच्या हाताखालची माणसं एका साखळीत बसवू नका. सत्तेतली विषमता दाखवणारा 'स्टारपॉवर'सारखा खेळ घेणार असाल, तर माणसं खरोखर दुखावतात हे धरून चाला. सूत्रधार अनुभवी हवा आणि ज्याला उठून जायचंय त्याला मुभा हवी. चहा, खुर्च्या, घड्याळ ही नेहमीची कामं कुणावर तरी सोपवा.

शेवटी महिन्याभरानंतरची एक तारीख आजच कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी पहिलं वाक्य लिहिलेला तोच कागद बाहेर काढायचा आहे.