चेहऱ्याच्या नसेची कळ : दाढ काढण्याआधी आणि नंतर

चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यापायी माझी एक धडधाकट दाढ हकनाक गेली, म्हणून पहिली सूचना दाढेविषयीच. ब्रश लागताच, घास चावताच किंवा गालावर वाऱ्याची झुळूक येताच विजेचा झटका बसावा तशी कळ एकाच बाजूला उठत असेल, काही सेकंदांत, फार तर दोनेक मिनिटांत ओसरत असेल आणि एक्स-रेमध्ये दात निर्दोष दिसत असेल, तर तो काढून घेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. परळच्या केईएम किंवा सायनच्या लोकमान्य टिळक या पालिका रुग्णालयांतही तो विभाग आहे. या दुखण्याला ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात. पुष्कळदा एखादी रक्तवाहिनी या नसेच्या मुळाशी टेकलेली असते. ती पाहण्यासाठी आणि क्वचित असणारी गाठ वगळण्यासाठी एमआरआय करतात.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे सहसा लागू पडत नाहीत. मूळचे फिट्सवरचे कार्बामाझेपिन थोड्या मात्रेपासून वाढवत नेतात. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. त्या दिवसांत लोकलच्या दारात उभे राहू नये. रक्तातील सोडियम सांगितल्या वेळी तपासावे, अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि बरे वाटले तरी गोळी परस्पर बंद करू नये. औषध पुरेनासे झाले, तर कानामागून शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी व नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात. सुईने नस बधिर करण्याचे उपायही आहेत, पण त्यांत गाल बधिर राहू शकतो.

रोजच्या दिवसात कळ कशाने उठते, हे वहीत टिपून ठेवावे. माझी जागा नाकपुडीशेजारी, टिकलीएवढी आहे; तिथे टॉवेलचा कोपरा लागला तरी पुरे. तोंड कोमट पाण्याने धुवावे, कळीच्या दिवसांत गुरगुट्या भात किंवा पेज दुखऱ्या बाजूला न नेता खावी. लोकलमध्ये वाऱ्याकडची खिडकी, जिच्यासाठी मुंबईकर भांडतो, ती आपण सोडावी. एसी लोकलमध्ये झोताखाली बसू नये आणि ओढणी किंवा रुमाल गालावर हलकाच धरावा. कळ उठली की शब्द फुटत नाही, म्हणून मी पाकिटात एक चिठ्ठी बाळगतो : ‘बोलता येत नाही, दोन मिनिटे थांबा.’