वडील फौजेत होते ना? मग त्यांची नोकरी नीट लिहून काढा, कशी ते सांगते

माझे अण्णा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत होते, 1979 ला भरती आणि 2003 ला हवालदार म्हणून रिटायर. मला लहानपणापासून त्यांचा प्रचंड अभिमान, शाळेत कुणी विचारलं की मान ताठ करून सांगायचे, माझे वडील मिल्ट्रीत आहेत. पण चाळिशीला आल्यावर माझ्याच मुलाने विचारलं, आजोबा तिकडे नक्की काय करायचे? आणि मला पुढे बोलताच येईना. बॉर्डरवर असायचे एवढंच माहीत. म्हणजे आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती गोष्टच मला माहीत नव्हती, त्या दिवशी फार लागलं मनाला. तिथून सुरुवात केली, आता दोन वर्षं झाली, त्यातून जे कळलं ते लिहितेय, ज्यांचे वडील अजून समोर खुर्चीत बसलेत त्यांनी तर आजच सुरुवात करा.

सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक शोधा, म्हणजे रिटायर होताना फौजेकडून मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. बहुतेक घरी ते पेन्शनच्या कागदांसोबत एका पिशवीत असतं आणि बँकेच्या कामाशिवाय कुणी उघडत नाही. पण त्यात भरतीची तारीख, ट्रेड म्हणजे कामाचा प्रकार, केलेले कोर्स, मिळालेली मेडल्स, कॅरॅक्टर म्हणजे वागणुकीचा शेरा, अंगावरची खूण, सगळं असतं. अण्णांच्या पुस्तकात कॅरॅक्टरपुढे एक्झेम्प्लरी, म्हणजे आदर्श, असं लिहिलंय, फौजेत त्याच्या वरचा शेरा नसतो, आणि हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं! प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढा, लॅमिनेशन अजिबात करू नका, जुना कागद त्या उष्णतेने कायमचा खराब होतो.

पुस्तक सापडत नसेल किंवा काही नोंदी कळत नसतील तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला वडिलांच्या सहीने पत्र लिहायचं. जवान आणि जेसीओंचं (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) रेकॉर्ड त्या त्या रेजिमेंटच्या किंवा आर्मच्या, म्हणजे तोफखाना, सिग्नल अशा विभागाच्या, रेकॉर्ड ऑफिसला असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महारचं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, सिग्नलचं जबलपूर, आमचं खडकी. ऑफिसर असतील तर दिल्ली. पत्रात आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि रिटायरमेंटची तारीख एवढं नीट असलं पाहिजे, नंबर चुकला तर पत्र फिरत राहतं. आमच्या पहिल्या पत्राला कित्येक महिने उत्तर आलं नाही, दुसऱ्या वेळी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारलं तर तिथल्या एका माजी सुभेदार साहेबांनी अर्ज कसा लिहायचा ते बसून शिकवलं. त्यामुळे सरळ तिथूनच सुरुवात केलेली बरी.

आता मेडल्स. कपाटातल्या डब्यातून काढा आणि चकाकवायला ब्रासो घेऊन बसू नका, आधी कडा बघा. मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, बारीक असतं, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचता येतं, आणि सारखं घासून घासून तेच नाव पुसट होतं. मी एका दुपारी अण्णांची सगळी मेडल्स टॉवेलवर ओळीने मांडली आणि कडा वाचत गेले, एकावर सॅपर म्हणजे आमच्याकडचा साधा जवान, दुसऱ्यावर नाईक, नंतरच्यांवर हवालदार! प्रमोशनची अख्खी वाट त्या कडांवर होती आणि इतकी वर्षं ती साड्यांच्या खाली पडलेली होती. साध्या मऊ कोरड्या कपड्याने पुसा, रिबन विरली असेल तर ती नवीन मिळते, जुनी फेकू नका, पाकिटात घालून मेडलसोबत ठेवा.

कुठलं मेडल कशाचं हेही लिहून ठेवा. 9 वर्षं, 20 वर्षं सर्व्हिसची वेगळी, 1997 चं स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं वेगळं. हाय अल्टिट्यूडचं म्हणजे 9000 फुटांच्या वर नोकरी केली त्याचं. वडील 71 च्या लढाईतले असतील तर पूर्वी स्टार आहे की पश्चिमी स्टार ते बघा, त्यावरून ते कुठल्या आघाडीवर होते ते कळतं. काही जणांना हक्काची मेडल्स रिटायर होईपर्यंत मिळालेलीच नसतात, पुस्तकात नोंद आहे पण हातात नाही असं असेल तर त्याबद्दलही रेकॉर्ड ऑफिसलाच लिहायचं. बाजारात हुबेहूब नक्कल मिळते, ती फ्रेमला ठीक आहे, पण तिच्या कडेवर तुमच्या वडिलांचं नाव नसतं.

कागद झाले, आता खरं काम, त्यांना बोलतं करणं. इथे बहुतेक जण चुकतात, मी पण चुकले. मोबाइल समोर ठेवून विचारलं, अण्णा तुमचा सगळ्यात अभिमानाचा क्षण सांगा. अण्णा म्हणाले, ड्यूटी केली, त्यात काय सांगायचं. संपलं! फौजी माणसाला असं मोठं काही विचारलं की तो गप्प होतो. वस्तूवरून विचारा. त्यांची काळी ट्रंक असेल, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव असेल, तो रंग कुणी दिला, कुठल्या स्टेशनला घेतली, एवढंच विचारा. मला ट्रंकेवरून अख्खी ट्रेनिंग ऐकायला मिळाली. शेजारच्या खाटेवर कोण झोपायचं, शिकवणारे उस्ताद कसे होते, पहिली फिल्ड पोस्टिंग कुठली, सुट्टी मंजूर झाल्यावर घरी पोचायला किती दिवस लागायचे, असले छोटे प्रश्न.

आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे हाताने करून दाखवायला सांगा. सॅपर असतील तर बेली ब्रिज, म्हणजे सुटे भाग जोडून उभा करायचा लोखंडी पूल, कसा जोडतात ते विचारा, आगपेटीच्या काड्यांनी दाखवतील, एक पॅनल 10 फूट लांब, अडीचशे किलोच्या वर, ते सहा जणांनी एका दमात उचलायचं. आमच्याकडे माईनचा, म्हणजे सुरुंगांचा, विषय असाच निघाला. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये सगळी फौज बॉर्डरवर गेली, मैलोन्‌मैल सुरुंग पेरले आणि नंतर ते काढायचं कामही सॅपर्सचंच. अण्णांनी गोधडी अंथरली, तिच्याखाली डब्याचं झाकण ठेवलं, हातात सायकलची तार घेतली आणि त्या वयात पोटावर झोपले. तार सरळ वरून नाही खुपसायची, तिरकी घालायची, म्हणजे ती सुरुंगाच्या बाजूला लागते, वर दाब पडत नाही. एवढं एवढं पुढे, परत तार, परत पुढे. गोधडीवर तार टेकवताना त्यांचा हात एकदम स्थिर होता, एरवी चहाचा कप धरताना थरथरतो तो हात. मी फक्त बघत बसले. त्या वेळी मी कॉलेजला होते आणि फोनवर त्यांच्याशी भांडायचे की तुम्ही माझ्या ॲडमिशनला का नाही आलात.

काही गोष्टींवर ते थांबतील. थांबू द्या. किती मारले, भीती वाटली का, कोण गेलं, असलं खोदून विचारू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. अण्णा एका नावापाशी दर वेळी उठून बाहेर जातात, मी ते नाव फक्त वहीत लिहून ठेवलंय, पुढची जागा मोकळी ठेवलीये. रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारा, चोरून करू नका. अर्धा पाऊण तास पुरे, आणि फाइलला तारीख आणि विषय टाका, नाहीतर पन्नास रेकॉर्डिंगमध्ये काय कुठे आहे ते सापडत नाही.

आईला विसरू नका हं. वडील दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचे, बाकीचे दहा महिने घर तिने चालवलं. इनलँड लेटर तिच्याकडेच असतात, त्यावर 56 एपीओ किंवा 99 एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस) असा पत्ता असतो, गाव कळत नाही पण तारखेचा शिक्का असतो, तो आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवलं की कधी कुठे होते ते बऱ्यापैकी जुळतं. पण पत्र वाचायच्या आधी दोघांना विचारा, ती त्यांची पत्रं आहेत.

एक काळजी मात्र नक्की घ्या, 26 जानेवारीला स्टेटस टाकायच्या नादात डिस्चार्ज बुकाचं पान किंवा पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, फोटो टाकू नका, आर्मी नंबर, पीपीओ नंबर, बँक खातं यावरून माजी सैनिकांना फसवणारे टपलेले असतात. फोटो टाकायचाच तर युनिफॉर्ममधला टाका.

सगळं टाइप करून झालं की वडिलांना वाचून दाखवा, ते चुका काढतीलच. अण्णांनी पहिल्याच पानावर थांबवलं, तेव्हा मी नाईक नव्हतो, लान्स नाईक होतो, ते बदल. मग त्यांना त्यांच्या बडीचा, म्हणजे फौजेतल्या जोडीदाराचा, फोन नंबर शोधून द्या, पलटणीच्या माजी सैनिकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, आम्हाला तिथेच सापडला. फोन लागला, पलीकडून आवाज आला आणि अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले, मग तासभर हिंदीत काय काय चाललं होतं, दोघंही मधेच हसत होते, मधेच गप्प. रेकॉर्डर मी बंद करून ठेवला होता.