पोर्टेबल डीव्हीडी प्लेयरची स्क्रीन तपासताना या चुका टाळा

दुकानातल्या डेमोवर माझा एकदा चांगलाच पोपट झाला. रंगीत मासे, फुलं, सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन रात्रीचा प्रसंग असलेला सिनेमा लावला, तर माणूस कुठला आणि भिंत कुठली कळेना. डेमोत अंधार नसतोच, त्यामुळे काळा रंग राखाडी दिसतोय का हे तिथे समजत नाही. जुना प्लेयर घ्यायला जाताना आपली पाठ असलेली डिस्क न्या आणि अंधारातला प्रसंग आधी लावा.

खोक्यावरच्या आकड्याला भुलणं ही त्याहून मोठी चूक. सात इंची स्वस्त प्लेयरवर ‘३,३६,९६० डॉट्स’ असं लिहिलेलं असतं. त्यात प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके वेगवेगळे मोजलेले असतात. तीनने भागा, उरले १,१२,३२०, म्हणजे ४८० × २३४. आपल्याकडच्या पाल (भारतातल्या टीव्हीची चित्रपद्धत) डीव्हीडीवरचं चित्र असतं ७२० × ५७६ चं, म्हणजे डिस्कवर जे आहे त्याचा जेमतेम चौथा हिस्सा स्क्रीनवर उतरतो. खात्री करायची तर सिनेमाच्या शेवटची बारीक अक्षरातली नामावली लावा. नावं वाचता येत नसतील तर सेटिंग कितीही फिरवा, फरक पडणार नाही.

चेहरे लांबुडके किंवा चपटे दिसले की लोक स्क्रीनला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष सेटअप मेन्यूतला असतो. रुंद स्क्रीनला रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ हवं आणि तिथे ४:३ राहिलेलं असतं.

समोर बसूनच बघू नका. अशा प्लेयरमध्ये बहुधा टीएन पॅनल, म्हणजे एलसीडी स्क्रीनचा स्वस्त प्रकार असतो. वरून पाहिलं तर चित्र फिकट पडतं, खालून पाहिलं तर काळवंडतं, कधी रंगच उलटे होतात. गाडीत पुढच्या सीटमागे टांगणार असाल तर मागे बसलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा.

बिघडलेले पिक्सेल शोधायला पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंगांचे पाच फोटो डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर न्या. पांढऱ्यावर काळाच राहणारा पिक्सेल मेलेला. काळ्यावर रंगीत चमकणारा अडकलेला असतो, तो कधीकधी सुटतोही. आधी स्क्रीन पुसा मात्र. धुळीच्या कणावरून घासाघीस करताना मी माणसं पाहिली आहेत!

जुन्या मॉडेलमध्ये स्क्रीनमागे उजेड देणारी बारीक ट्यूब असते, तिला तापायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. त्यानंतरही पांढरा रंग पिवळट किंवा गुलाबी दिसत असेल तर ट्यूब म्हातारी झाली.

चौकटी-चौकटी दिसणं आणि चित्र अडकणं हा डिस्कचा किंवा लेन्सचा त्रास, स्क्रीनचा नाही. झाकण हलवल्यावर रेघा येत असतील तर बिजागरीतली रिबन केबल (स्क्रीनला जोडणारी चपटी पट्टी) बघा. प्लेयर एव्ही केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर बिघाड रिबन केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये आहे, आणि पॅनल बदलण्याच्या खर्चात बहुधा दुसरा जुना प्लेयर येतो.