आइस हॉकीतील उपेक्षित खेळाडू कसे ओळखावेत

फारसा कोणाला माहीत नसलेला खेळाडू आणि उपेक्षित खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. ज्याचे कर्तृत्व मोठे आणि त्या मानाने मिळालेली दखल तोकडी, त्यालाच उपेक्षित म्हणता येईल. म्हणून नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलच्या इतिहासातील एखादे नाव तपासायला घेतले की वहीच्या पानावर दोन रकाने पाडावेत. एकात त्याने काय केले ते लिहावे, दुसऱ्यात त्याबद्दल त्याला काय मिळाले ते लिहावे. सर्गेई झुबोव्हचे पान असे भरते: 1993-94 मध्ये लीगमध्ये अव्वल ठरलेल्या न्यूयॉर्क रेंजर्सकडून बचावपटू असूनही संघात सर्वाधिक 89 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास यांची बेरीज), त्याच वर्षी लीगचे विजेतेपद म्हणजे स्टॅनले कप, पुढे 1999 मध्ये डॅलसकडून दुसरा. उजव्या रकान्यात मात्र सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी एकदाही नाही आणि हॉकीतील थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममधील प्रवेश 2019 चा, म्हणजे एनएचएलमधील शेवटच्या सामन्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.

डावा रकाना भरताना काळाचे भान ठेवावे लागते. 1981-82 च्या हंगामात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत असत; 2003-04 मध्ये ही सरासरी पाचच्या आसपास आली होती. त्यामुळे पहिल्या हंगामातील 40 गोलांना आठने भागून पाचने गुणले, तर दुसऱ्या हंगामात त्यांचे मोल साधारण 25 गोलांइतके भरते. हा हिशेब ढोबळ आहे, पण तो केल्याशिवाय दोन पिढ्यांतील खेळाडूंची तुलना करू नये.

खेळाडू कोणत्या शहरात खेळला, हेही पाहावे. मार्सेल डिऑनने कारकिर्दीत 731 गोल केले आणि 1979-80 मध्ये विख्यात वेन ग्रेट्झ्कीइतकेच 137 गुण मिळवून, गोल अधिक असल्यामुळे, सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी जिंकली. परंतु त्याची उमेदीची वर्षे लॉस एंजेलिसमध्ये गेली, जिथले सामने संपेपर्यंत पूर्वेकडच्या हॉकीवेड्या शहरांत मध्यरात्र उलटलेली असे, आणि स्टॅनले कप त्याच्या वाट्याला कधीच आला नाही.

खरी कसोटी लागते ती बचावपटूंच्या बाबतीत, कारण त्यांचे उत्तम काम म्हणजे बहुधा न झालेला गोल असतो, आणि न झालेल्या गोलाची नोंद कोणी ठेवत नाही. येथे प्लस-मायनस हा आकडा उपयोगी पडतो. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, आपल्यावर झाला तर उणे एक. पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना एका जादा खेळाडूच्या बळावर, झालेले गोल यात धरले जात नाहीत. मात्र हा आकडा एकट्या खेळाडूचा नसतो, सोबत खेळणाऱ्यांचाही असतो, म्हणून तो जोडीदारासह वाचावा. 1985-86 मध्ये फिलाडेल्फियाच्या मार्क हाऊचा प्लस-मायनस अधिक 80 च्याही वर गेला. त्या वर्षी नॉरिस ट्रॉफी 48 गोल करणाऱ्या पॉल कॉफीला मिळाली आणि हाऊ दुसरा आला. 1983 आणि 1987 मध्येही तो दुसराच होता. आता त्याचा जोडीदार ब्रॅड मॅक्रिमन याच्याकडे पाहावे: त्याच हंगामात त्याचाही आकडा 80 च्या वर होता. मग कोणामुळे कोण मोठा दिसत होता? अशा वेळी जोडी फुटल्यानंतरचे वर्ष शोधावे. मॅक्रिमन 1987 मध्ये कॅल्गरीला गेला आणि 1987-88 मध्ये अधिक 48 सह या आकड्यात संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. म्हणजे तो हाऊच्या सावलीत वाढलेला खेळाडू नव्हता, आणि माझ्या मते या जोडीतला अधिक उपेक्षित तोच आहे.

आकडे झाले की जुन्या सामन्यांची चित्रफीत लावावी, आणि पकवरची, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवरची, नजर काढून एकाच खेळाडूवर ठेवावी. खेळाडू आलटून पालटून बर्फावर उतरतात आणि अशी एक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची असते, तेव्हा हे अवघड नाही. अडचण एवढीच की कॅमेरा पकमागे धावतो आणि बचावपटू वारंवार चौकटीबाहेर जातो. म्हणून तोच प्रसंग दोन-तीनदा पाहावा. सरावासाठी लॅरी मर्फी घ्यावा. तो वेगवान नव्हता, धडका देऊन प्रेक्षकांना उठवणाराही नव्हता. पण स्वतःच्या क्षेत्रात कोंडी झाली की तो पक काचेच्या कडेने उंच असा उडवी, की तो प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या गोलरेषेच्या अलीकडेच मंदावे. त्यामुळे आइसिंगची (आपल्या अर्ध्या भागातून मारलेला पक थेट पलीकडची गोलरेषा ओलांडून गेल्यास खेळ थांबवणारी) शिटी वाजत नसे आणि दमलेल्या सहकाऱ्यांना बाकावर परतायला वेळ मिळे. हे त्याच्या नावाने ओळखले जाणारे कसब कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही. टोरांटोत घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मार्च 1997 मध्ये त्याला डेट्रॉइटला पाठवण्यात आले, आणि त्याच वर्षी व त्याच्या पुढच्या वर्षीही त्याने तेथे स्टॅनले कप उचलला. पिट्सबर्गकडून जिंकलेले दोन धरून एकूण चार.